गव्हाणीचा इतिहास : काळ्या मातीतील बैल, कडबा आणि सरकी

कोणत्याही प्रांताचा इतिहास लिहिताना राजे, किल्ले आणि लढाया यांची नोंद होते. त्या प्रांतातील गोठ्याच्या गव्हाणीत काय पडत होते, याची नोंद सहसा कोणी करीत नाही. तथापि रेल्वे आणि मोटार येण्यापूर्वीच्या हिंदुस्थानात नांगर, मोट, बैलगाडी आणि तोफखाना या चारही गोष्टी बैलाच्या खांद्यावर उभ्या होत्या, आणि बैलाचा खांदा गव्हाणीवर उभा होता. हुबळी-धारवाडचा परिसर या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जनावराची वाढ त्याच्या जातीवर अवलंबून असते की त्याच्या खाण्यावर, हा प्रश्न या भूमीने दोनशे वर्षे निरनिराळ्या रूपांनी विचारला, आणि त्याचे उत्तरही तिच्याच शेतात होते.

धारवाडच्या पश्चिमेस मलनाडाचा पाऊसमय, डोंगराळ पट्टा आणि पूर्वेस नवलगुंद-गदगकडे पसरलेली काळी, सपाट जमीन. या काळ्या जमिनीची दोन मोठी पिके म्हणजे जोंधळा आणि कापूस. माणसाच्या दृष्टीने एक अन्नाचे व दुसरे पैशाचे पीक. परंतु जनावराच्या दृष्टीने दोन्ही अन्नाचीच. जोंधळ्याचे कणीस माणसाने घ्यावे आणि ताट बैलाला द्यावे. कापसाची रुई व्यापाऱ्याने न्यावी आणि सरकी गोठ्यात यावी, अशी ही जुनी वाटणी होती. कडब्याने पोट भरे, सरकीने अंग भरे. भिजवलेली, भरडलेली सरकी, तुरीची चुणी, हुलग्याचे आंबोण आणि करडई-शेंगदाण्याची पेंड हा खुराक कामाच्या दिवसांत जुंपणीच्या बैलाला आणि दुभत्या म्हशीला प्रथम मिळे. ज्येष्ठी पौर्णिमेस, म्हणजे कारहुणवीला, बैलांची शिंगे रंगवून त्यांना गोडधोड चारण्याचा आणि त्यांच्या शर्यतीवरून येत्या हंगामाचा अंदाज बांधण्याचा रिवाज या भागात आहे. पुढच्या अमावास्येस मातीचे बैल करून पूजतात. पेरणीच्या तोंडावर बैलाच्या अंगात किती जोर उरला आहे, हा त्या काळी खरोखरच वर्षाच्या भवितव्याचा प्रश्न होता. उन्हाळ्यात ज्याची कडब्याची गंजी संपली, त्याची पेरणी लांबली.

या बैलाची कसोटी लढायांतही लागली. सप्टेंबर १७९० मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. टिपूच्या किल्लेदाराने तो एप्रिल १७९१ पर्यंत लढविला. एवढ्या दीर्घ वेढ्यात दारूगोळा, रसद आणि तोफा ओढण्याचे काम बैलांचेच होते. समोरच्या पक्षाकडे मात्र बैलांची एक व्यवस्थित संस्थाच होती. म्हैसूरच्या वाडियार राजांनी दरबारी गुरांचे खिल्लार जोपासले होते; हैदरअलीने त्याला सैनिकी उपयोगाची शिस्त लावली आणि टिपूने त्याला अमृतमहाल हे नाव दिले. या खिल्लारांसाठी ‘कावल’ नावाची राखीव कुरणे होती. ऋतूप्रमाणे खिल्लारे एका कावलीतून दुसरीत नेली जात. आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. या गाई दुधासाठी पिळल्या जात नसत. आईचे दूध वासरालाच मिळे. जो बैल पुढे वेगाबद्दल आणि चिवटपणाबद्दल प्रसिद्ध झाला, तो मुळात भरपूर दूध प्यालेला वासरू होता. १८०० मध्ये धोंडजी वाघाचा पाठलाग करीत ऑर्थर वेलस्लीची फौज धारवाडच्या मुलखातून गेली. त्यापूर्वी वर्षभर, श्रीरंगपट्टण पडल्यावर, अमृतमहालची खिल्लारे इंग्रजांच्या ताब्यात आली होती. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या या सेनापतीने म्हैसुरी बैलांची थोरवी मुक्तकंठाने मान्य केली. परंतु ती थोरवी केवळ रक्ताची नव्हती. तिच्यामागे कुरण होते, दूध होते आणि राज्याचा खजिना होता. साध्या कुणब्याच्या वासराला यांपैकी काहीच मिळत नसे.

१८१८ नंतर धारवाड कंपनी सरकारच्या अमलाखाली आले आणि येथील काळ्या मातीवर मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टी गेली. अमेरिकेतून कापूस-लागवडीचे जाणकार बोलावण्यात आले. हुबळीजवळ कुसुगल येथे १८४२ च्या सुमारास प्रायोगिक शेती सुरू झाली आणि न्यू ऑर्लीन्सच्या बियाण्याने या मातीत मूळ धरले. ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने तो कापूस जगाच्या बाजारात ओळखला जाऊ लागला. जुन्या देशी कापसाला तर ज्या बंदरातून तो बाहेर जाई त्या कुमठ्याचेच नाव मिळाले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस येईनासा झाला आणि धारवाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. घाटातून कुमठ्याकडे कापसाच्या गाड्यांची रीघ लागली. त्या गाड्या ओढणारा बैल एका अर्थी स्वतःचाच खुराक पिकवीत होता. कारण जितका कापूस अधिक, तितकी सरकी अधिक.

परंतु कापसाची जमीन वाढली ती कशाच्या जागी, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. पडीक माळ आणि गवताची राने नांगराखाली आली. जंगलखात्याने डोंगराकडील चराई नियमांत बांधली. जोंधळ्याच्या जागी कापूस आला की सरकी वाढते, पण कडबा घटतो. सुकाळात हे जाणवत नाही. १८७६ साली पाऊस गेला आणि दोन वर्षे चाललेल्या दुष्काळाने बेळगाव, धारवाड व विजापूरकडील मुलूख भाजून काढला. माणसे मेली, तशीच गुरेही मेली. आणि पाऊस परतला तेव्हा अनेकांकडे शेत होते पण जुंपायला बैल नव्हता. दुष्काळात धान्य बाहेरून आणता येते. वैरण मात्र इतकी अवजड की बैलगाडीने ती दूर न्यायची तर ओढणारा बैलच वाटेत तिचा मोठा भाग खाऊन टाकतो. म्हणून दुष्काळात माणसाच्या आधी जनावर पडते.

रेल्वे १८८० नंतरच्या दशकात हुबळीला पोहोचली. सदर्न मराठा रेल्वेने हुबळीला आपले ठाणे केले, आणि कापूस पिंजण्याचे व दाबण्याचे कारखाने उभे राहिले. पूर्वी कापूस घरीच वटला जाई, आणि सरकी आपोआप घरात राही. आता कापूस गाडीत भरून कारखान्यात जाऊ लागला, आणि सरकी तेथेच राहू लागली. ती परत हवी तर विकत घ्यावी लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी तर मुंबई बंदरातून सरकी इंग्लंडला जाऊ लागली. तेथे हल शहराच्या घाण्यांत तिचे तेल निघे आणि पेंड विलायती गुरांच्या गव्हाणीत पडे. १८८९ मध्ये हिंदुस्थानची शेती पाहण्यास आलेले रसायनशास्त्रज्ञ डॉक्टर व्हॉल्कर यांनी तेलबियांची व हाडांची निर्यात म्हणजे जमिनीचा कस परदेशी पाठविणे होय, या प्रश्नाकडे १८९३ च्या आपल्या अहवालात लक्ष वेधले होते. बीजातील नत्र आणि हाडांतील स्फुरद ही जनावराच्या मांसाची व सांगाड्याची मूळ द्रव्ये. ती दोन्ही जहाजात भरली जात होती, आणि मागे राहिलेल्या गुरांच्या किरटेपणाचे कारण त्यांच्या जातीत शोधले जात होते.

जात सुधारण्याचे प्रयत्न मनापासून झाले, हे मान्य केले पाहिजे. कृष्णेच्या व तिच्या उपनद्यांच्या काठची चिकट काळी जमीन नांगरण्यास म्हैसुरी बैल हलका पडे. तो गाडीला वाऱ्यासारखा, पण खोल नांगराला अपुरा. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी, त्यांत सांगलीच्या पटवर्धनांनी विशेषकरून, काठेवाडची गीर, आंध्रातील ओंगोल आणि म्हैसुरी रक्ताची स्थानिक जनावरे यांच्या संकरातून एक भारदस्त बैल घडविला. ‘कृष्णाकाठी’ या नावाने ओळखली जाणारी ती ही जात. ज्यांच्या पूर्वजांनी धारवाडच्या तटाखाली बैलांवर मदार ठेवली, त्याच घराण्याने नांगरासाठी बैल घडवावा, हा इतिहासाचा एक सुंदर दुवा आहे.

या जातीची पुढची कथा अधिक विलक्षण आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील उष्ण कुरणांत विलायती गुरे गोचिडांनी आणि उन्हाने हैराण होत. तेथील पशुपालकांनी हिंदुस्थानातून वशिंडाची गुरे नेली. १९०६ मध्ये टेक्ससच्या एका मोठ्या कुरणासाठी गेलेली खेप प्रसिद्ध आहे. गीर, कांकरेज, ओंगोल आणि काही अंशी कृष्णाकाठी यांच्या रक्तातून तेथे मांसासाठी पोसली जाणारी ‘ब्राह्मण’ नावाची जात तयार झाली. टेक्ससही कापसाचाच मुलूख. तेथील तेलाच्या घाण्यांशेजारी गुरांचे मोठमोठे वाडे असत, आणि सरकीची पेंड व टरफले चारून बैल लठ्ठ केले जात. अमेरिकेने धारवाडला कापूस दिला, हिंदुस्थानने अमेरिकेला बैल दिला, आणि दोन्ही ठिकाणी बैल आणि सरकी यांची गाठ पडली. फरक इतकाच की तेथे सरकी वाड्यावर राहिली, येथे ती बाजारात गेली. त्या रक्ताचा वंश परमुलखात भरभराटीस आला. कृष्णाकाठी जात मात्र आज आपल्याच नदीकाठी अगदी विरळ झाली आहे.

१९२६ मध्ये नेमलेल्या आणि लॉर्ड लिनलिथगो अध्यक्ष असलेल्या शाही शेतकी आयोगाने १९२८ च्या अहवालात या दुर्दशेची मीमांसा केली. आयोगाच्या मते हे एक दुष्टचक्र होते. वैरण कमी, म्हणून बैल दुबळा. बैल दुबळा, म्हणून एकाचे काम करण्यास दोन ठेवावे लागतात. दोन ठेवले की वैरण आणखी अपुरी पडते आणि त्यांची संतती आणखी दुबळी निपजते. उत्तम वळू आणून सोडल्याने हे चक्र तुटत नाही. मोठ्या हाडापेराच्या वळूचे वासरू मोठ्या हाडापेराची भूक घेऊन जन्मते, आणि ती भूक भागली नाही तर ते गावठी वासरापेक्षाही आधी खचते.

असे का होते, याचा उलगडा तोपर्यंत जगातील प्रयोगशाळांत होऊ लागला होता. जर्मनीत वेंडे येथे हेनेबर्ग आणि स्टोमान यांनी १८६० नंतरच्या दशकात वैरणीचे पृथक्करण करण्याची पद्धत बसविली. त्यामुळे कोणत्या चाऱ्यात किती प्रथिन, किती स्निग्धांश, किती तंतू हे मोजता येऊ लागले. परंतु मोजमाप म्हणजे पोषण नव्हे, हे अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या प्रयोगाने दाखविले. तेथे १९०७ ते १९११ या काळात कालवडींचे चार गट करून एकास केवळ मका, दुसऱ्यास गहू, तिसऱ्यास ओट आणि चौथ्यास तिन्हींचे मिश्रण दिले. रासायनिक हिशेबाने चारही खुराक समान होते. तरी मक्यावरील गाईंची वासरे सशक्त निपजली आणि गव्हावरील गाईंची वासरे जन्मतःच दुबळी निघून मरून गेली. आकड्यांत न दिसणारे काहीतरी अन्नात असते, ही जाणीव पुढे जीवनसत्त्वांच्या शोधापर्यंत गेली.

रवंथ करणाऱ्या जनावराबाबत तर आणखी एक रहस्य होते. १८९१ मध्ये झुंट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने असे सुचविले की गाईच्या पोटातील सूक्ष्म जीव साध्या नत्रयुक्त द्रव्यांचाही उपयोग करून घेतात. पुढील संशोधनाने ते खरे ठरले. गाय किंवा बैल कडबा स्वतः पचवीत नाही. त्याच्या पोटाच्या पहिल्या प्रचंड कप्प्यात राहणारे असंख्य सूक्ष्म जीव तो पचवितात, आणि जनावर त्या जीवांच्या श्रमावर व अखेर त्या जीवांवरच जगते. म्हणून गव्हाणीत वैरण टाकणारा खरे पाहता या अदृश्य सैन्याला रसद पुरवीत असतो. त्या सैन्याला नत्र लागते. एकूण खाद्यात सुमारे सात टक्के प्रथिन नसेल तर त्याची वाढ खुंटते, आणि जोंधळ्याच्या कडब्यात ते जेमतेम तीन-चार टक्के असते. कडबा समोर असूनही जनावर खंगते याचे कारण हेच. सरकीत सुमारे वीस टक्के प्रथिन आणि जवळजवळ तितकाच स्निग्धांश असतो. तेव्हा ओंजळभर सरकी ही केवळ ओंजळभर अन्न नसून, सबंध पेंढीभर कडबा अंगी लावणारी किल्ली होती. काळ्या मातीतील कुणब्याने कडब्याला सरकीची जोड दिली होती, ती शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरली. लहान वासरास मात्र सरकी बेताने द्यावी लागते. तिच्यातील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या जनावराच्या पोटात निष्प्रभ होते, कोवळ्या वासराच्या पोटात होत नाही.

या विद्येचे दक्षिणेतील पीठ बंगलोर होते. तेथे १९२३ मध्ये पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाची मध्यवर्ती संस्था सुरू झाली. तेथील पशुपोषणाचे रसायनतज्ज्ञ वॉर्थ यांनी हिंदी वैरणींची पचनीयता प्रत्यक्ष जनावरांवर तपासण्याचे काम केले. १९२७ मध्ये प्रकृतिस्वास्थ्यासाठी बंगलोरला राहिलेल्या महात्मा गांधींनी या संस्थेत जाऊन गोपालनाचे धडे घेतले. गाईची पूजा करणाऱ्या देशाने गाईचा आहार अभ्यासावा, हा त्यातील बोध होता.

पाश्चात्त्य देशांत या ज्ञानाला पुढे वेगळेच वळण लागले. मांसासाठी वाढविल्या जाणाऱ्या गुरांचे वजन झटपट वाढविणे हे ध्येय ठरले, आणि खाद्यात घालण्याच्या द्रव्यांचे युग सुरू झाले. १९५० च्या सुमारास असे आढळले की खाद्यात प्रतिजैविकांचा अंश असला तर जनावर अधिक वेगाने वाढते. १९५४ मध्ये अमेरिकेत स्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक बैलांच्या खाद्यात घालण्यास मान्यता मिळाली. मात्र १९७१ मध्ये, गर्भारपणी हेच औषध घेतलेल्या स्त्रियांच्या मुलींमध्ये विरळ कर्करोग आढळला, आणि १९७९ पर्यंत गुरांमधील त्याचा वापर तेथे पूर्णतः बंद झाला. १९७५ मध्ये आलेल्या मोनेन्सिनने पोटातील सूक्ष्म जीवांचीच रचना बदलून त्याच खाद्यातून अधिक बळ मिळवून दिले; ते अमेरिकेत अद्याप वापरात आहे. ब्रिटनमध्ये गाईला मेलेल्या गुरांच्या मांसाचा व हाडांचा चुरा प्रथिन म्हणून चारण्यात आला. १९८६ मध्ये मेंदू सडविणारा नवा रोग ओळखला गेला आणि १९८८ मध्ये असे खाद्य बंद करावे लागले. वाढीसाठी प्रतिजैविके चारण्यास युरोपीय संघाने २००६ च्या आरंभापासून मनाई केली, कारण त्यांना सरावलेले रोगजंतू अखेर माणसाच्या वाट्याला येतात. ही सर्व द्रव्ये सारखी वाईट, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. परंतु उपाशी जनावराची उणीव भरून काढणे आणि पोटभर खाणाऱ्याची वाढ आणखी पळविणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली दया आणि शहाणपण दोहोंना धरून आहे. दुसरीची किंमत पुष्कळदा उशिरा कळते.

धारवाडच्या परिसरापुढील प्रश्न नेहमी पहिल्या प्रकारचाच राहिला. मुंबई सरकारने १९४७ मध्ये धारवाडला शेतकी महाविद्यालय काढले. १९८६ मध्ये तेथे स्वतंत्र कृषी विद्यापीठ झाले. येथेच डॉक्टर कटरकी यांच्या हातून १९७२ मध्ये ‘वरलक्ष्मी’ हा संकरित कापूस आणि पुढे १९८१ मध्ये डी. सी. एच. ३२ हे वाण निर्माण झाले, आणि कापसाबरोबर सरकीही वाढली. जोंधळ्याची गोष्ट उलट झाली. १९६४ मध्ये आलेली पहिली संकरित ज्वारी दाणा अधिक देई, पण तिचे ताट बुटके. रब्बी पट्ट्यातील शेतकरी मोहोळच्या केंद्रात निवडलेल्या उंच मालदांडीलाच धरून राहिला. तज्ज्ञांना तो हट्ट वाटला. वस्तुतः तो दोन पोटांचा हिशेब होता, एक घरातले आणि एक गोठ्यातले.

सरकी महागली तेव्हा शास्त्राने दुसरी वाट दाखविली. भाताच्या शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावा आणि ढीग तीन आठवडे हवाबंद ठेवावा. पेंढा मऊ पडतो आणि त्यातील नत्र जवळजवळ दुप्पट होते. झुंट्झच्या तर्काचेच हे फळ. मळी, युरिया आणि क्षार यांच्या चाटण-विटा आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आणल्या. यात सावधगिरी मात्र हवी. युरिया नुसता पोटात गेला तर जनावर तासाभरातही दगावू शकते, आणि ज्या वासराचे रवंथ सुरू झालेले नाही त्याला तो कधीच देऊ नये.

काळ्या जमिनीत आता ट्रॅक्टर फिरतो आणि बैलांच्या दावणी रिकाम्या होत चालल्या आहेत. त्यांची जागा म्हशीने घेतली आहे. ज्या धारवाडी म्हशीच्या दुधाशी येथील पेढ्याची कीर्ती जोडलेली आहे, तिला २०२१ मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. ही मान्यता योग्यच आहे. पण जातीचे नाव नोंदवहीत चढले म्हणजे जातीचे रक्षण झाले असे नव्हे. अमृतमहालचा बैल कावल आणि आईच्या दुधावर मोठा झाला, कृष्णाकाठचा बैल संस्थानी गोठ्याच्या खुराकावर पोसला गेला. कुरण आणि खुराक आटले तेव्हा दोन्ही जातींचे तेजही ओसरले. धारवाडी म्हशीचे भवितव्यही तिच्या पारडाला किती दूध सोडले जाते, गावाच्या गायरानात गवत उरते की नाही, आणि सरकीची पेंड तिच्यापर्यंत कोणत्या भावाने पोहोचते, यावरच ठरणार आहे.